जंगलातली देवळं आणि विवरातलं तळं: माया लोकांची शहरं समजून घ्यायला मी लोणारला का गेलो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेला पसारा थोडा आवरलाय, बाकी सगळं तसंच आहे.

माया संस्कृतीवर एक एपिसोड कर, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. इन्स्टाग्रामवर एकदा तिकालचं रील बघितलं की पुढचे दोन दिवस तेच येत राहतं. ग्वाटेमालातलं दाट जंगल, सकाळचं धुकं, झाडांच्या शेंड्यांवरून डोकं काढलेली दगडी देवळं, आणि पाठीला सॅक लावून एकटाच निघालेला कुणीतरी. मलाही जायचंय. पण विमानाचं भाडं, व्हिसा आणि मॅनेजरची मर्जी या तीन गोष्टी एकदम जुळून येईपर्यंत हिंगोलीच्या पोराला जे जमतं ते मी केलं. सेनगाव, रिसोड करत बाईकवरून लोणारला गेलो.

तुम्ही म्हणाल, कुठे माया आणि कुठे लोणार! थांबा जरा. दोन्हीकडे आकाशातून पडलेल्या दगडाने केलेला खड्डा आहे. दोन्हीकडे कमानीशिवाय छत पेलण्याची एकच युक्ती आहे. आणि दोन्हीकडे देवळांवर जंगल चढलंय. पण मला आज खरं बोलायचंय ते एका प्रश्नावर: चांगली उभी असलेली इमारत ‘अवशेष’ कधी होते? आपण सहज म्हणतो, काळाने झाली. मला नाही तसं वाटत. लोणार आणि आमच्या जिल्ह्यातलं औंढा नागनाथ, ही दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघितली की उत्तर वेगळं निघतं.

दोन खड्डे

आधी खड्ड्यांचं बघू. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक लघुग्रह आदळला. डायनासोर संपले तो हाच आघात. त्याचं विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे, पण ते दिसत नाही. जमिनीखाली आणि समुद्राखाली गाडलं गेलंय. जवळच्या गावावरून त्याला चिक्शुलूब म्हणतात. वर त्याची एकच मोठी खूण दिसते, आणि ती म्हणजे विवराच्या कडेने चुनखडी खचून तयार झालेल्या पाण्याच्या खोल डोहांची अर्धवर्तुळाकार माळ. या डोहांना तिकडे सेनोते म्हणतात. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच. पाऊस पडला की पाणी चुनखडीत मुरून जातं. त्यामुळे तिथल्या माया लोकांचं जगणं या डोहांवर चालायचं. प्यायला पाणी तेच, आणि पावसाच्या देवाला नैवेद्य द्यायची जागाही तीच. ‘चिचेन इत्सा’ या नावाचा अर्थच मुळी ‘इत्सा लोकांच्या विहिरीचं तोंड’ असा होतो.

आता आपल्याकडे या. त्याच सुमारास, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येत होता. थरावर थर साचून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. हिंगोलीत विहीर खणताना जो दगड लागतो, तोच. या बेसॉल्टमध्ये कितीतरी नंतर एक उल्का घुसली आणि लोणारचं विवर झालं. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. वय किती, यावर बरीच चर्चा झालीय: आधी सुमारे ५२,००० वर्षं मानायचे, नंतर आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. हा ज्वालामुखीचा खड्डा नसून आघाताचाच आहे, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्कं केलं. प्रचंड दाबाखालीच बनणारी काचेसारखी खनिजं तिथल्या खडकात सापडली होती.

तळाशी तळं आहे, खारट आणि क्षारयुक्त. आणि काठावर, गोमुखापाशी, बारमाही गोड्या पाण्याची धार. म्हणजे एकाच खड्ड्यात पिता येईल असं पाणी आणि तोंडात धरवणार नाही असं पाणी! ‘ऐन-ए-अकबरी’मध्येसुद्धा या जागेची नोंद आहे. इथे काच आणि साबण करायला लागणारे क्षार मिळतात, असं अबुल फजलने लिहून ठेवलंय. म्हणजे अकबराच्या दरबारापर्यंत लोणार पोचलं होतं ते देवापेक्षा महसुलाच्या वाटेने.

एक गोष्ट लक्षात घ्या. विवर उल्केमुळे झालंय हे ना युकातानच्या माया लोकांना माहीत होतं, ना लोणारला देऊळ बांधणाऱ्यांना. पण जागा नेहमीची नाही, हे दोघांनाही कळलं होतं. लोणारच्या लोकांनी त्याची कथा केली: लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूने त्याला मारलं, त्याचं बीळ म्हणजे हे विवर. गावातलं मोठं मंदिर म्हणून दैत्यसूदनाचं.

चुन्याशिवाय उभं

दैत्यसूदन मंदिर विवरात नाही, लोणार गावात आहे. तारकाकृती मांडणी, म्हणजे बाहेरची भिंत सरळ जात नाही, सतत कोन करत वळते. त्यामुळे उन्हाची तिरीप फिरते तशी दर तासाला वेगळी मूर्ती उजळते. मी बीटेक कॉम्प्युटरचा, सिव्हिलचा नाही, पण आत गेल्यावर मान वर केली आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवली.

कारण छत. दगड दाबाला घट्ट, पण वाकवला की तुटतो. दगडाची तुळई फार लांब केली तर मध्येच तडकते. खरी कमान, म्हणजे पाचरीसारख्या दगडांची, हे बांधणारे वापरत नव्हते. मग छत पेलायचं कसं? चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की चौकोन झाला. चारही कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकल्या की आत एक लहान, फिरवलेला चौकोन तयार होतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरक्या शिळा, की आणखी लहान चौकोन. असं करत मध्ये उरलेलं भोक एका शिळेने झाकायचं. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला, आणि सगळं वजनावर टिकून. दगडाला दगड नीट बसवायचा, खाचा करून अडकवायचा; जोडायला चुना लावायचा नाही.

माया लोकांनीही हाच प्रश्न जवळपास असाच सोडवला. समोरासमोरच्या दोन भिंती वर जाताना थोड्या थोड्या आत आणायच्या आणि शेवटची फट एका शिळेने बंद करायची. फरक साहित्यात आहे. त्यांच्याकडे मऊ चुनखडी होती, म्हणून ते आत भराव घालून वरून चुन्याचा गिलावा करायचे. आणि हे सगळं धातूच्या हत्याराशिवाय, गारगोटीच्या आणि ज्वालामुखी काचेच्या अवजारांनी. आपल्याकडे दगड कठीण, पण लोखंडी छिन्नी हातात होती. दोघांनाही एकाच मर्यादेने बांधून ठेवलं: मोठी मोकळी खोली करता येत नाही. म्हणून माया महालांच्या खोल्या अरुंद आणि लांब, आणि आपल्या मंडपात जिकडे बघावं तिकडे खांब. एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं एकाच उत्तराशी आली, कारण गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखंच.

काळही जरा जुळवून बघू. तिकालचं सगळ्यात उंच देऊळ सुमारे ६५ मीटरचं, आठव्या शतकातलं. तिथला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ ८६९ सालचा. त्या वेळी आपल्याकडे राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करत होता. म्हणजे देवगिरीचे यादव बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र झाले, त्याच्या कितीतरी आधी तिकाल रिकामं पडून झाडांनी भरून गेलं होतं.

‘हेमाडपंती’ नावाचा टॅग

या सगळ्या देवळांना आपण डोळे झाकून ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मोठा विद्वान माणूस, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ त्याचा. पण अंबरनाथचं शिवमंदिर बघा: तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं, शिलाहारांच्या राज्यातलं. तेही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच!

माझ्या धंद्यात याला चुकीचा टॅग म्हणतात. कुणीतरी एकदा लावला, पुढच्या सगळ्यांनी कॉपी केला, तपासला कुणी नाही. नुकसान काय? एका मंत्र्याच्या नावाखाली दोन-अडीचशे वर्षांचे राजे, गावोगावचे सूत्रधार, पाथरवट, दान देणारे व्यापारी, सगळे पुसले जातात. ‘हेमाडपंती आहे’ म्हटलं की विषय संपतो. कुणी बांधलं, कशासाठी, पैसा कुठून आला, हे विचारायचं राहूनच जातं.

माया लोकांच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यांची लिपी वाचता येत नव्हती तोवर अभ्यासक म्हणायचे की हे शांत, आकाशाकडे बघत बसणारे लोक. १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाने लिपी उलगडायची वाट दाखवली. मग पुढच्या काही दशकांत दगड बोलायला लागले: राजांची नावं, लढाया, पकडून आणलेले शत्रू, लग्नं. आपली अडचण उलटी आहे. आपले शिलालेख देवनागरीत, संस्कृतात किंवा जुन्या मराठीत असतात. वाचता येतात. फक्त कितीतरी देवळांत त्यांच्यावर चुना किंवा ऑइलपेंट मारलेला असतो.

देवाचं मूळ नाव

आता विवरात उतरू. काठावर उभं राहिलं की तळं हिरवं दिसतं (२०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, फोटो तुम्ही बघितलेच असतील). उतरायला लागलं की आवाज बदलतो. वरचं गाव ऐकू यायचं थांबतं. मग मोर, वानरं आणि पायाखालचा पाला. २००० साली हे अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. दैत्यसूदन आणि विवरातल्या कितीतरी मंदिरांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.

आणि मग झाडीत देवळं दिसायला लागतात. एखाद्याचं शिखर गेलेलं. एखाद्याच्या मंडपाचे खांब उभे, पण छत खाली बसलेलं. दगडांच्या सांध्यांतून मुळं आत गेलेली. इथे चुना नसण्याची दुसरी बाजू कळते. सांधा कोरडा, म्हणून बारीक मूळ सहज शिरतं. ते जाड होतं आणि दगड ढकलतं. काही वर्षांनी तेच मूळ दगडाला मिठी मारून धरून ठेवतं. आता ते उपटलं तर भिंत पडेल, ठेवलं तर आणखी ढकलेल. तिकाललाही हाच पेच आहे. म्हणून तिथे बऱ्याच इमारती मुद्दाम मातीच्या आणि झाडांच्या टेकाडाखालीच ठेवल्यात.

वाटेत एक वयस्कर गृहस्थ भेटले. एका पडक्या देवळाकडे बोट करून मी विचारलं, “मामा, हे कोणत्या देवाचं?”

“वाघ महादेव.”

“असं नाव का बरं?”

“पहिले इथं वाघ बसे म्हणतात.”

जरा पुढे मोर महादेव. मला ही नावं फार बोलकी वाटली. बांधणाऱ्याने देवाला नक्कीच काही नाव दिलं असणार, दान देताना ते घेतलं गेलं असणार, रोजच्या पूजेत संकल्पात आलं असणार. मग पूजा थांबली, माणसं यायची थांबली, आणि देवाला त्याच्या नव्या शेजाऱ्याचं नाव मिळालं. माया शहरांचंही असंच झालंय. मेक्सिकोतल्या पालेंके शहराचं नाव स्पॅनिश आहे, अर्थ लाकडी कुंपण. ते शेजारच्या नंतर वसलेल्या गावावरून पडलं. शहराचं जुनं नाव लाकामहा, आणि ते लिपी वाचता आल्यावर कळलं. तिकालच्या राजांचं राज्य शिलास्तंभांवर मुतुल या नावाने येतं.

पण याच विवरात, तळ्याच्या अगदी काठाशी, कमळजा देवीचं देऊळ आहे. त्याचं नाव कुणी विसरलेलं नाही. नवरात्रात तिथे यात्रा भरते, लोक विवर उतरून दर्शनाला जातात. शेजारची देवळं त्याच खोऱ्यातली, पाऊस तोच, जंगल तेच. फरक फक्त एवढाच की एकीकडे वाट रुळलेली राहिली आणि बाकीच्यांची बुजली.

‘शोध लावला’ म्हणजे?

१८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकी प्रवासी फ्रेडरिक कॅदरवूड या चित्रकाराबरोबर होंडुरासमधल्या कोपानला पोचला. जंगलातले कोरीव स्तंभ बघून वेडावला, आणि ती जागा त्याने चक्क ५० डॉलरला विकत घेतली. त्यांच्या १८४१ च्या पुस्तकाने माया शहरं जगभर गाजली, आणि ‘जंगलात हरवलेली संस्कृती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पण ज्याच्याकडून त्याने जागा घेतली, त्या माणसाला ती ठाऊक होतीच की!

आपली अजिंठ्याची गोष्ट आठवा. २८ एप्रिल १८१९, कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीला गेला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलं, आजही आहे. पुस्तकात लिहितात, त्याने ‘शोध लावला’. आसपासच्या गावातल्या लोकांना मात्र ती वाघुर नदीच्या घळीतली लेणी म्हणून माहीत होती.

२०१८ मध्ये जाहीर झालं की ग्वाटेमालात विमानातून लेझर सोडून, म्हणजे लायडारने, सुमारे २,१०० चौरस किलोमीटर जंगल मोजलं गेलं आणि झाडांखाली ६०,००० हून जास्त बांधकामं दिसली. रस्ते, शेतीचे बांध, तटबंद्या. तंत्रज्ञान म्हणून मी तर त्या बातमीने आठवडाभर झोपलो नव्हतो! पण त्यातही मथळा तोच: हरवलेलं जग सापडलं. माया भाषा बोलणारी लाखो माणसं ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत आजही राहतात. मक्याची शेती करतात, आणि तिकालच्या मोठ्या चौकात अजूनही अग्नी पेटवून विधी करतात. शेवटचं माया राज्य १६९७ साली स्पॅनिशांच्या हाती पडलं. त्या वर्षी आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीत होते आणि औरंगजेब दख्खनमध्ये अडकून पडला होता. इतकं ते अलीकडचं आहे. राज्य संपलं, लोक नाही.

म्हणून मला ‘हरवलेलं’ हा शब्द पटत नाही. जागा हरवत नाही. तिची वहिवाट मोडते.

औंढ्याची गोष्ट

आता घरी या. औंढा नागनाथ, हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटर. आम्ही लहानपणी श्रावणात एसटीने जायचो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक अशी श्रद्धा. हा मान गुजरातेतलं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांनाही दिला जातो, तो वाद आज नको. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून, अंग चोरत, खाली उतरायचं. आत उभंही राहता येत नाही, बसूनच दर्शन.

पण आज मी तुम्हाला बाहेर थांबायला सांगणार आहे. भिंतीपासून दहा पावलं मागे या आणि देऊळ खालून वर बघा. खालचा अर्धा भाग यादवकालीन: काळा पाषाण, हत्तींचा थर, त्यावर देवदेवता, सगळं कोन करत वळणारं, अगदी दैत्यसूदनासारखं. आणि मध्येच एका ओळीवर ते थांबतं. त्यावर विटा-चुन्याचं, रंग दिलेलं, घुमटाच्या वळणाचं शिखर. ना तो दगड, ना ती शैली. जणू दोन वेगळी देवळं एकमेकांवर ठेवलीत.

वरचा भाग आक्रमणात पाडला गेला, अशी आठवण लोक सांगतात, आणि पुन्हा बांधल्याचं श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. कलेच्या अभ्यासकाला ती जोड खटकेल. मला आधी खटकायची. आता मी ती एखाद्या जुन्या, अजून चालू असलेल्या सॉफ्टवेअरसारखी बघतो. मूळ लिहिणारे गेले, कागदपत्रं गेली, पण रोज वापरणारे लोक आहेत म्हणून कुणीतरी हाताशी असेल त्याने दुरुस्त केलं. सुंदर नाही, पण चालू आहे.

आणि हे वापरणारे कोण? राजे नक्कीच नाहीत. अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरी लुटली, आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे राज्य बुडालं ते त्यांच्या डोळ्यांदेखत. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढ्यात. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गायला लागले, तर देऊळच फिरलं, ही कथा इथलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. पुरावा म्हणून मागच्या बाजूचा नंदी दाखवतात.

कथा खरी की खोटी, यापेक्षा ती काय करते ते बघा. ज्या राजांच्या काळात देऊळ उभं राहिलं ते गेल्यावर त्याला नवा धनी हवा होता. तो त्याला एका शिंप्याच्या गाण्यात मिळाला. देऊळ राजाचं उरलं नाही. ज्याला दाराशी उभं राहू दिलं नाही, त्याच्याकडे तोंड करणारं झालं. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि आज नर्सीला शीख भाविकही येतात. शेकडो वर्षं रोज कुणीतरी त्या खालच्या अंधारात उतरतंय. म्हणून औंढा अवशेष झालं नाही.

मात्र याची किंमतही आहे. वहिवाट असलेलं देऊळ सतत बदलत जातं. तेल, शेंदूर, रंग, फरश्या, लोखंडी रेलिंग, गर्दीचे बॅरिकेड. लोणारच्या जंगलातल्या पडक्या देवळात हजार वर्षांपूर्वीचा छिन्नीचा घाव जसा दिसतो, तसा इथे क्वचितच दिसेल. माणसं आली की देऊळ टिकतं पण जुनं रूप झिजतं. माणसं गेली की जुनं रूप राहतं पण देऊळ पडतं. दोन्ही एकदम मिळत नाही, असं मला सध्या तरी दिसतंय.

माळवद

हा विषय माझ्या डोक्यात एवढा का बसला, तर त्याचं कारण देऊळ नाही, घर आहे. आमच्या गावाकडचं आजोबांचं घर माळवदाचं. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: लाकडी सरे, त्यावर फळ्या, वरून मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पंखा लागत नाही. पण मृग लागायच्या आत दरवर्षी कुणीतरी वर चढून पांढरी माती पसरायची, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळीचं तोंड मोकळं करायचं. आजोबा होते तोवर ते करायचे. नंतर काका. मग काका नांदेडला गेले, आम्ही भावंडं पुण्याला.

तिसऱ्या पावसाळ्यात मधलं दालन बसलं. आता तिथे निंबाचं झाड आहे, माझ्यापेक्षा उंच.

माया शहरांच्या छतांवरही चुन्याचा गिलावा असायचा. तो तडकला की पाणी आत जायचं, बी रुजायचं. दुष्काळ, लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास, अशी मोठी कारणं इतिहासकार देतात आणि ती बरोबरच आहेत. माणसं शहर सोडून गेली ती त्यामुळेच. पण इमारत पडायला शेवटी कारण एवढंसंच असतं: त्या वर्षी पावसाच्या आधी छतावर कुणी चढलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर

हिंगोलीहून लोणार शंभरेक किलोमीटर, एका दिवसात होतं, पण मुक्काम करा. सकाळी लवकर उतरा. उन्हात चढून वर येणं अवघड जातं. पाणी बरोबर घ्या, तळ्याचं कामाचं नाही. पडक्या देवळांच्या छतावर चढू नका आणि फोटोसाठी मुळं ओढू नका, ती मुळंच कधीकधी भिंत धरून उभी असतात. औंढ्याला दर्शन झाल्यावर लगेच चपला घालू नका. एक पूर्ण फेरी फक्त बाहेरच्या भिंतीसाठी मारा.

आणि एक काम सांगतो, ते फोनवरच होतं. तुमच्या गावाच्या शिवारात एखादं पडकं देऊळ, बारव, वीरगळ, बिनशिखराचा महादेव असतोच. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा आणि उत्तर तिथेच रेकॉर्ड करा. फोटो नंतरही काढता येईल, दगड कुठे जात नाही. नाव मात्र आज ज्यांच्या तोंडात आहे, त्यांच्याबरोबरच जातं. मी विचारलं म्हणून मला वाघ महादेव तरी कळला. त्याच्या आधीचं नाव सांगणारं विवरात आता कुणी नाही.

रेकॉर्डिंग मला पाठवा. पुरेशी जमली तर त्यांचाच एक एपिसोड करू, तुमच्याच आजी-आजोबांच्या आवाजात. तोवर ऐकत राहा, फिरत राहा. भेटू.